बहिणीच्या घरी निवलेली कॉफी

सल्त गावाच्या चढावरच्या त्या पिवळ्या दगडी घरात वर्षातून दोनदा कॉफीचा एक कप भरला जायचा आणि कोणी न पिता निवून जायचा. एकदा नाताळला, एकदा ईस्टरला. सणाच्या दिवशी भावाने लग्न झालेल्या बहिणीच्या दारी जायचं, ही इथली रीत मुसलमानाला चुकत नाही आणि ख्रिस्त्यालाही चुकत नाही. त्यामुळे बिशप शिबली यायचे. त्यांची थोरली बहीण विदाद कॉफी ओतायची. ते कप हातात घ्यायचे, समोरच्या स्टुलावर ठेवायचे आणि उठेपर्यंत त्याला शिवायचे नाहीत. ते गेले की विदाद कप उचलून अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी रिता करायची.

“उम्म बासिल, तुझ्या लिंबांना वेलदोड्याचा वास येतो हं,” शेजारची फिद्दा विदादला म्हणायची. फिद्दा म्हणजे पाच वेळची नमाज न चुकवणारी आणि तोंडाला फाटक नसलेली बाई. “एक दिवस त्या झाडाची झोप उडेल बघ.”

विदाद हसायची नाही आणि फिद्दालाही त्याचं नवल वाटायचं नाही. पाहुण्याने कप खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचं आहे, आणि यजमान “पी” म्हणेपर्यंत तो पिणार नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. बिशप काय मागत होते, तेही गल्लीला ठाऊक होतं. बहिणीची माफी. आणि विदाद “पी” म्हणत नव्हती.

गावाला ते सय्यदना, म्हणजे ‘आमचे स्वामी’. मशिदीतले इमामही त्यांना सय्यदनाच म्हणायचे. विदादला मात्र तो शिबलीच. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि विदाद स्वतःच वेण्या घालून घ्यायच्या वयाची होती. तिनेच त्याला चालायला शिकवलं, तिनेच त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या. गल्लीच्या भट्टीवर ती कणकेची परात घेऊन रांगेत उभी राहायची आणि हा पायरीवर बसून गळा काढायचा, “एवढा वेळ का लावतेस?” भाकरी हातात पडली की अर्धी खाऊन उरलेली कुत्र्याला घालायचा. मग पुन्हा पायरीवर, पुन्हा तेच, “विदाद, एवढा वेळ का लावतेस?”

मिशनच्या शाळेत तो हुशार निघाला. पाद्री होतो म्हणाला तेव्हा बाप म्हणाला, दुकान कोण बघणार. विदादने बापाशी आठवडाभर अबोला धरला आणि शिबली बैरूतला शिकायला गेला. दीक्षेच्या दिवशी त्याची पांढरी कॉलर तिनेच इस्त्री केली आणि गडबडीत थोडी जाळली. कोपऱ्यातला तपकिरी डाग मानेमागे जाईल अशी त्याने ती घातली. पुढे बिशप झाल्यावरही ती कॉलर त्याने टाकली नाही.

पहिल्यांदा त्याला खार्तूमला धाडलं. तिथल्या उन्हात त्याने दोन जमातींची माणसं एकाच दफनभूमीत पुरली, आणि दोन्हीकडच्यांनी त्याच्याच घरी येऊन एकमेकांना शिव्या घातल्या. मग कुवैत, मग बगदाद. बगदादमध्ये औषध मिळत नव्हतं तेव्हा चर्चच्या आवारात दवाखाना चालवला, आणि रांगेत दहातले नऊ मुसलमान असायचे. “त्यांना बाटवतोस की काय?” विदादने एकदा चेष्टेने विचारलं. “खोकल्याचं औषध देतो गं,” तो म्हणाला. “बाटायला तरी अंगात जोर लागतो.”

बिशप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हातातली वाकडी काठी आणि उंच टोपी येते. टोपी होती, नाही असं नाही. पण खरं काम म्हणजे गळकी छपरं, शाळेची परवानगी, आणि परदेशी निघालेल्यांना द्यायचे बाप्तिस्म्याचे दाखले. दर उन्हाळ्यात दोन-चार घरं कॅनडाला नाहीतर ऑस्ट्रेलियाला जायची. दाखल्यावर सही करताना त्याचा हात जड व्हायचा, पण अडवलं त्याने कोणालाच नाही. “मेंढपाळ पुष्कळ झाले,” तो म्हणायचा, “पण पासपोर्ट घेऊन पळणारी मेंढरं फक्त माझ्याच नशिबी आली.”

त्याचं नाव झालं ते मात्र वेगळ्याच कामात. कुठे मारामारी झाली, कुठे कोणाच्या हातून कोणी मेलं, की दोषी घरची वडीलधारी मंडळी दुखावलेल्या घरी जातात. त्याला जाहा म्हणतात. पुढाऱ्यासमोर कॉफी येते, तो ती खाली ठेवतो आणि माफी मागतो. शिबली पुढारी असला की कॉफी प्यायली गेली नाही असं सहसा झालं नाही. मुसलमान घराण्यांच्या भांडणातही, एका बाजूला इमाम आणि दुसऱ्या बाजूला काझी बसलेला असताना, मधोमध ही जांभळी कफनी दिसायची. तो फार बोलायचा नाही. मेलेल्याचं नाव घ्यायचा, त्याच्याबद्दल एखादी खरी गोष्ट सांगायचा आणि गप्प बसायचा. समोरचा म्हातारा डोळे पुसत म्हणायचा, “प्या सय्यदना, तुमचं मागणं दिलं.” विदादला याचा केवढा अभिमान. भट्टीवर, बाजारात, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा ती सांगायची, “माझ्या भावाला नाही म्हणणारा अजून जन्मलेला नाही.”

मग बासिल गेला.

बासिल विदादचा एकुलता एक मुलगा, त्याच्यावरूनच ती उम्म बासिल, बासिलची आई. नवरा मूसा आधीच वारला होता. बासिल वीज खात्यात लागला होता, मामावर त्याचा भारी जीव. शिबलीची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की एवढा थोराड गडी धावत सुटायचा आणि मामाची बॅग हिसकावून घ्यायचा. एका सकाळी खालच्या वळणावर पाण्याचा टँकर उतारावरून आला आणि बासिलला घेऊन भिंतीवर आदळला. चालवणारा हायिल, खालच्या खोऱ्यातल्या गावचा, बासिलच्याच वयाचा.

रीतीप्रमाणे हायिलला दुसऱ्या एका घराण्याने आश्रयाला ठेवून घेतलं, आणि त्याच्या बापाने जाहा घेऊन येण्याचा दिवस मागितला. दुखावलेल्या घरातर्फे उत्तर द्यायचा मान मूसाच्या थोरल्या भावाचा, अबू जिर्यिसचा. पण तो थकलेला, ऐकू कमी येणारा. तो म्हणाला, “घरात सय्यदना असताना मी कशाला तोंड उघडू? आमचा शब्द शिबली देईल.”

त्या सकाळी शिबली विदादच्या खोलीत आला. ती पलंगाच्या कडेला बसली होती, केस न विंचरलेले.

“मला त्यांच्याकडून काही नको,” ती म्हणाली. “पोराला फाशी नको, तुरुंग नको. एकच हवं. त्या पोराने माझ्यासमोर यावं आणि सांगावं, माझा बासिल शेवटी काय बोलला. लोक म्हणतात तो तिथेच जिवंत होता थोडा वेळ. हा त्याच्याजवळ होता. ते मला सांगू दे, मग पाजा सगळ्या गावाला कॉफी.”

शिबलीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तो तुझ्यासमोर येऊन बोलल्याशिवाय कोणी कपाला हात लावणार नाही. माझा शब्द.”

घरासमोर मोठा तंबू होता. बायका आत, खिडकीचे पडदे ओढलेले. विदादला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. गाड्या थांबल्याचे आवाज, शेकडो माणसांचे सलाम, मग शांतता. मग त्यांच्या पुढाऱ्याचं बोलणं, लांबलचक, देवाचं नाव दर वाक्याला. मग एका म्हाताऱ्याचा हुंदका. नंतर कोणीतरी सांगितलं की हायिलच्या बापाने डोक्याच्या रुमालावरची काळी दोरी काढून, शरण आल्याची खूण म्हणून, स्वतःच्या गळ्यात घातली आणि जमिनीवर बसला. त्यानंतर शिबली बोलायला लागला. पहिल्याच शब्दाला विदादने मान वर केली, कारण हा आवाज तिच्याशी बोलण्याचा नव्हता, प्रवचनाचा होता.

“ज्याने वधस्तंभावरून मारणाऱ्यांना माफ केलं,” शिबली म्हणत होता, “त्याच्यासाठी, आणि या दारी आलेल्या पाहुण्यांसाठी, आम्ही आमचा हक्क सोडला. आत्ताच सोडला, काही न मागता सोडला. तुमची कॉफी प्या.”

तंबूतून आशीर्वादांचा कल्लोळ उठला. आणि मग कॉफी वाढणाऱ्यांच्या हातातले छोटे कप एकमेकांवर किणकिणायला लागले. या रांगेतून त्या रांगेत, लांबपर्यंत. विदादने कानांवर हात ठेवले. फिद्दा तिच्या शेजारी बसली होती, तिने ते हात धरून ठेवले.

जन्मभर दुसऱ्यांच्या दारी माफी मागत फिरलेला माणूस. द्यायची पाळी आली तेव्हा त्याने दुसऱ्याच्या ताटातलं उचलून दिलं. ही चूक दुसरा कोणी करता ना. कोणी साधा मामा असता तर म्हणाला असता, थांबा, आधी पोराच्या आईचं ऐकू. पण शिबलीला कॉफी प्यायली गेलेली बघायची सवय होती, आणि समोर शेकडो डोळे होते.

कॉफी प्यायली गेली की ती गोष्ट पुन्हा उकरायची नसते. विदादने अबू जिर्यिसला सांगून पाहिलं, चर्चमधल्या मोठ्या माणसांना सांगून पाहिलं. सगळे मान खाली घालून म्हणायचे, “उम्म बासिल, आता कॉफी प्यायली ना.” आणि हायिलला त्याच्या बापाने महिन्याभरात कुवैतला कामाला लावून दिलं.

शिबली तिसऱ्या दिवशी आला होता. त्याला तोपर्यंत कळलं होतं आपण काय करून बसलो ते. तो दारातच उभा राहिला. विदाद म्हणाली, “तुझा आवाज ऐकला मी. फार छान बोललास,” आणि आत निघून गेली.

त्यानंतरचा ईस्टर आला तेव्हा शिबली आला, कप घेतला आणि स्टुलावर ठेवला. तेव्हापासून हे सुरू झालं.

बोलणं बंद नव्हतं. ऑलिव्ह कसे आलेत, गुडघा कसा आहे, नुहाची तब्येत काय म्हणते. नुहा शिबलीची बायको, त्यांच्या चर्चमध्ये बिशपला लग्नाची मनाई नव्हती; ती बिचारी दोघांच्या मध्ये बसून दोघांचीही री ओढायची. रविवारी विदाद चर्चमध्ये जायची. दुसरा पाद्री वेदीपाशी असला की प्रभुभोजन घ्यायची. भाऊ असला की बाकावरून उठायची नाही. सगळे रांगेत पुढे जायचे आणि ती गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहायची. भाकर मोडताना शिबलीची नजर त्या बाकाकडे जायची, आणि त्याचं वाक्य तिथे अडखळायचं.

एका नाताळला नुहा स्वयंपाकघरात गेली असताना तो अचानक म्हणाला, “विदाद, त्या दिवशी मी विसरलो नव्हतो. तुला वाटत असेल विसरलो. मला तुझा शब्द आठवत होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. बिशप काय करतो ते बघत होते. आणि मला ते आवडलं.”

एवढं खरं तो कधी कोणाशी बोलला असेल असं विदादला वाटलं नाही. “पी” हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण बासिल शेवटी काय बोलला, ते अजून तिला कळलं नव्हतं. तिने विचारलं, “मामूल घेतोस का अजून?”

“दे,” तो म्हणाला. खजुराचं ते बिस्कीट त्याने कोरडंच गिळलं, घशाखाली उतरेना तरी. कप समोरच होता.

वर्षं गेली. शिबली निवृत्त झाला. टोपी पेटीत गेली, पण पोरांना चर्चमध्ये पक्कं करून घेण्याच्या दृढीकरणाच्या विधीसाठी कुवैतवाले त्याला अजून बोलवायचे आणि तो जायचा. नुहा करवादायची, या वयात कशाला ती दगदग. तो ऐकायचा नाही. घाई इतकी, की जणू तिकडे त्याचं काही अडून बसलं आहे. त्याच्या विसरण्याच्या तक्रारीही नुहा करायची. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, परमपित्याची प्रार्थना मध्येच थांबली. विदाद म्हणायची, “म्हातारा झालाय. मला तरी कुठे काय आठवतं?”

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला त्याच सुमारास एका सकाळी विदाद अंगणात कपडे वाळत घालत होती. फाटकाशी एक माणूस उभा दिसला. दाढी पांढरी व्हायला लागलेली, अंगात चांगला कोट, आणि आत यायचं धाडस नाही.

“कोण हवंय?” तिने विचारलं.

“मी हायिल,” तो म्हणाला.

तिच्या हातात ओला टॉवेल होता. तो तिने पिळला, पिळलेलाच होता तरी पुन्हा पिळला.

“माझा बाप गेला,” तो फाटकाबाहेरूनच बोलायला लागला. “त्याने शपथ घातली होती, कॉफी झाली आहे, आता तोंड उघडायचं नाही. त्याला पुरलं आणि सरळ इकडे आलो. सय्यदना दरवर्षी कुवैतला माझ्या खोलीवर यायचे. चार जणांची खोली, बसायला खाटेशिवाय जागा नाही. खाटेवर बसायचे, मी दिलेला चहा प्यायचे. एवढंच विचारायचे, ‘येशील का माझ्या बहिणीकडे?’ मी गप्प बसायचो. ते उठून जायचे. पुढच्या वर्षी पुन्हा.”

“त्याला सांगितलंस तू? काय झालं ते?”

“एकदा सांगायला गेलो. त्यांनी हात वर केला. म्हणाले, ‘मला नको सांगूस. आधी ऐकायचा हक्क तिचा आहे, तो मी एकदा खाल्ला आहे.’” हायिलने नाक पुसलं. “गेल्या वर्षी आले तेव्हा माझं नाव दोनदा विचारलं त्यांनी. पण तुमच्याकडे येशील का, ते विचारायला विसरले नाहीत.”

“आता सांग,” विदाद म्हणाली.

“मी फोन बघत होतो, काकी. ब्रेक लागला नाही वगैरे सगळं खोटं सांगितलं होतं. फोन बघत होतो.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “तो शुद्धीवर होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी दे म्हणाला. टँकर भरून पाणी होतं माझ्याकडे, नळ हाताशी होता. जमलेले लोक ओरडले, जखमीला पाणी देऊ नकोस, मरेल. मी नाही दिलं. तो दोन-तीनदा म्हणाला. मग म्हणाला, ‘आईला कोणी उभ्या उभ्या सांगू नका. आधी बसवा तिला, मग सांगा.’ एवढंच. त्यानंतर काही नाही बोलला.”

विदाद उभी होती. ती लिंबाच्या बुंध्याशी खाली बसली. एवढी वर्षं तिने पुष्कळ काही कल्पून ठेवलं होतं. बासिल ओरडला असेल, देवाचं नाव घेतलं असेल, मामाला हाक मारली असेल. हे कल्पलं नव्हतं. तो तहानलेला गेला होता, आणि जाताना त्याला तिच्या गुडघ्यांची काळजी होती. ती रडली. फिद्दा भिंतीपलीकडून धावत येईल एवढ्या मोठ्याने रडली, आणि फिद्दा खरोखर आली, पण फाटकातला माणूस बघून जागच्या जागी थांबली.

बऱ्याच वेळाने विदाद उठली. आत गेली, मडक्यातलं पाणी पेलाभर आणलं आणि फाटक उघडून हायिलच्या हातात दिलं.

“पी,” ती म्हणाली.

त्याने ओठाला लावलं आणि बाजूला केलं. “माझ्याच्याने नाही होणार, काकी.”

“पी रे. मी सांगतेय ना, पी.”

तो प्यायला. तो शब्द आपल्या तोंडून निघाला हे विदादला तो गेल्यावर कळलं. आणि मग दिवसभर तिच्या डोक्यात दुसरा माणूस होता. या वयात विमानाने जाऊन परक्याच्या खाटेवर बसणारा, चहा पिऊन परत येणारा, आणि तिला त्यातलं अवाक्षर न सांगणारा. कुवैतवाल्यांचं दृढीकरण कसलं, तिचंच अडलेलं काम होतं ते. ती फिद्दाला म्हणाली, “या ईस्टरला झाडाला काही मिळायचं नाही.”

“सुटलं बिचारं,” फिद्दा म्हणाली आणि तिने डोळ्याला ओढणीचं टोक लावलं. “आजच फोन कर की त्याला.”

“फोनवर नाही. इथे, कप समोर असताना. आमच्यात काय ते तसंच ठरलंय.”

हीच तिची चूक झाली. ईस्टरला अजून बरेच आठवडे होते.

सणाच्या दिवशी तिने दाणे स्वतः भाजले, वेलदोडे हाताने सोलले. मूसाच्या आईचा पितळी दल्ला, कॉफीची किटली, घासून चकचकीत केला. काळा झगा काढून निळा घातला, तो अंगाला सैल झाला होता. आणि सकाळपासून ती ते वाक्य घोळवत होती. पी शिबली, तुझं मागणं दिलं. लहान वाक्य.

गाडी आली. नुहाने त्याला हाताला धरून उतरवलं, पायऱ्या चढवल्या. कॉलर तीच, जळक्या डागाची, पण डाग आज पुढे आला होता. नाताळपासून शिबली फारच खंगला होता. नुहाचे डोळे सुजलेले दिसत होते. ती काही बोलायला गेली, पण विदादने तिला बोलू दिलं नाही. तिला आज दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. तिने भावाला त्याच्या जागी बसवलं, कॉफी ओतली, कप त्याच्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली. झगा नीट केला. तोंड उघडायच्या आधी एकदा मान खाली घालून श्वास घेतला.

मान वर केली तेव्हा शिबली कॉफी पीत होता.

तो सावकाश, आवाज करत प्यायला, लहानपणी दूध प्यायचा तसा. तळाशी गाळ राहिला तोही कप वाकडा करून घेतला. मग रिकामा कप दोन बोटांत धरून मनगटाने हलवला, पुरे झालं म्हणतात तसा. हाताला सगळं आठवत होतं.

“वेलदोडा जास्त पडलाय,” तो म्हणाला.

नुहाने तोंडावर हात दाबून धरला. विदादला वाटलं, तो थट्टा करतोय. मग तिने त्याचे डोळे बघितले.

“शिबली,” ती म्हणाली, “कशाला आलास तू आज? आठवतं?”

“सण आहे ना. सणाला बहिणीकडे यायचं असतं.” तो खुशीत होता. त्याने दाराकडे बघितलं. “बासिल कुठाय? आज बॅग घ्यायला नाही आला.”

“बाहेर गेलाय,” विदाद म्हणाली. “पाणी प्यायला. येईल.”

तिने दल्ला उचलला. दोन्ही हातांनी धरून त्याचा कप पुन्हा भरला. मग खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि त्याच्या कानाशी, सकाळपासून घोळवलेलं ते वाक्य जसंच्या तसं म्हणाली.

“पी शिबली. तुझं मागणं दिलं.”

त्याने विचारलं, “मी काय मागितलं होतं?”

तिने नुहाकडे बघितलं, लिंबाकडे बघितलं. सांगायला गेली तर बासिलचं मरण त्याला नव्याने सांगावं लागलं असतं.

“कॉफी मागितली होतीस,” ती म्हणाली.

“कॉफी?” शिबलीने कप हातात घेतला आणि भट्टीच्या पायरीवरच्या त्या पोरासारखा तक्रारीच्या सुरात म्हणाला, “मग एवढा वेळ का लावलास?”

विदादने त्याची कॉलर फिरवून डाग मानेमागे केला, आणि तो पिऊन होईपर्यंत त्याचं मनगट धरून बसून राहिली.